सहावी खिडकी

"बोट जुनी आहे, त्र्याण्णवची. माझ्या वडिलांनी स्वतः बनवलेली," असं तो गॉगल कपाळावर चढवलेला माणूस म्हणाला, आणि भिकनच्या हातातला रोलर फायबरच्या टाकीच्या बुडाशी जागच्या जागी थांबला. हातात रेझिन असताना थांबायचं नसतं. हार्डनर पडला की ते माणसाची वाट बघत नाही, मगातल्या मगात गरम होतं, धूर सोडतं, दगड होतं. पण भिकन थांबला. अंबडच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ चालू होता, मागं कोणीतरी ग्राइंडर फिरवत होतं, आणि त्या सगळ्या आवाजात 'स्वतः' हा एकच शब्द त्याच्या कानात खिळ्यासारखा बसला. स्वतः. त्या माणसाच्या बापानं त्या बोटीला हात लावला होता तो फक्त नारळ फोडताना. सहा महिने काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली ती भिकननं. काचेचे तुसे त्याच्या मानेत, काखेत, पापणीच्या आत शिरले होते. सरिता त्याचे कपडे वेगळ्या बादलीत काठीनं धुवायची आणि म्हणायची, तुमच्याशेजारी निजायचं म्हणजे निवडुंगाशेजारी निजायचं. "वडील कोण तुमचे?" त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती, नाक तेच होतं. "यादवशेठ. सातपूरला फॅक्टरी होती आमची. मी ओम. धरणावर रिसॉर्ट चालवतो मी. तुम्ही ओळखता पप्पांना?" "नाव ऐकलंय," भिकन म्हणाला आणि घट्ट होत आलेला मग त्यानं कोपऱ्यात फेकला.

तक्रार ऐकताना त्यानं मान खाली ठेवली. केबिनच्या खिडक्यांच्या काचा सरकत नाहीत. चौकटींच्या कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा निघाल्यात. छप्पर खाटेसारखं मधोमध खचलंय. तीन मिस्त्री येऊन गेले, तिघांनी पुट्टी भरली, पांढरा हात मारला, महिन्यात भेगा पुन्हा हजर. नाताळची गर्दी तोंडावर आली, लोकांना छपरावर बसून फोटो काढायचे असतात, वर रेलिंग लावलंय, वीस माणसं आरामात बसतात. "आरामात," भिकन म्हणाला. "पप्पा म्हणतात, मुळात रेझिनच पातळ होतं," ओम म्हणाला, "तेव्हा कोणी कारागीर होता, चोर निघाला. ड्रमातलं विकायचा आणि बोटीला पाणी पाजायचा." त्याच्या आवाजात राग नव्हता. घरातली जुनी गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं, अमक्या साली पूर आला, तमक्या साली चोर निघाला. भिकननं हात अ‍ॅसिटोनमध्ये बुडवले. बोटांच्या चिरांमध्ये ते झोंबलं. झोंबू दिलं. "उद्या येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बसनं धरणाकडे जाताना त्याच्या पिशवीत तेलाचा जॅक होता, अंबड लिंक रोडच्या भंगारातून घेतलेला, ट्रकचा. शिवाय दोरी, टेप, हातानं फिरवायचं ड्रिल, पुट्टीचा डबा आणि जेवणाचा डबा. पुट्टीचा डबा मुद्दाम घेतला होता. रात्रभर त्यानं दोन रस्ते चघळले होते. एक असा की काही बोलायचं नाही, भेगा भरायच्या, वर असा चकचकीत जेलकोट मारायचा की शेठला स्वतःचं तोंड दिसावं, आणि जायचं. मग नाताळात वीस माणसं छपरावर, खाली केबिनीत यादवशेठ पाहुण्यांना सांगतोय की मी स्वतः बनवली, आणि छप्पर येतंय. हे चित्र त्यानं इतक्या वेळा पाहिलं की त्याला त्यात बारीकसारीक गोष्टीही दिसायला लागल्या, शेठच्या हातातला काजूचा बाऊल, त्यातून उडालेले काजू. पण दर वेळी वरची वीस माणसं मध्ये यायची. त्यांना त्या चित्रातून बाहेर काढता येईना. त्यांतली एक बाई सरितासारखी दिसायला लागली तेव्हा त्यानं कूस बदलली. दुसरा रस्ता साधा होता. शेठच्या तोंडून एक वाक्य काढायचं, पोरासमोर, नोकरासमोर. भिकन चोर नव्हता. चार शब्दसुद्धा नाहीत. त्या तीन शब्दांसाठी तो दहा वर्षं जगला असं म्हणणं खोटं होईल, माणूस भाकरीसाठी जगतो. पण भाकरी खाताना रोज ते शब्द घशात आडवे यायचे, हे खरं.

बोट धक्क्याला बांधलेली होती. थंडीतलं धरण भरलेलं, पाण्यावरून धूर निघत होता. बोट चालवणारा मंगळू पेठकडचा, वाळक्या अंगाचा, डोक्याला मफलर. "या भाऊ, चौथे तुम्ही," तो म्हणाला. "तिघं गेले पावडर लावून. आमच्याकडं लगनातल्या नवरीला बी इतकी पावडर नाय लावत." भिकन हसला नाही. त्यानं बोटीच्या अंगावर तळहात ठेवला. दहा वर्षांनी. पोटाचा बाक तोच होता, रोलरच्या पुसट लाटा बोटांना लागत होत्या, आंधळ्याला लेकाचा चेहरा लागावा तशा. त्याला एकदम राग आला तो बोटीचाच, की हिला काही आठवत नाही. कोणीही आला, कोणीही हात लावला, तरी ही तशीच तरंगते.

मग तो कामाला लागला, आणि काम सुरू झालं की डोकं थंड व्हायचं ही त्याची जुनी खोड होती. आधी त्यानं छपराच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणली. मधोमध दोरीखाली दोन बोटं शिरली. मग खिडक्या, बाहेरूनच. डाव्या अंगाला तीन, उजव्या अंगाला तीन. चौकटीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका टेप लावायचा, मग उलटा तिरका. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट शाबूत, फरक आला तर ती पिळली गेली. पुढच्या दोन खिडक्यांत दोन सूत फरक. मधल्या दोन्हींत चार चार सूत. मागच्या डावीत दोन सूत. म्हणजे मार मधून येत होता, छप्पर पोटात खचत होतं आणि दोन्ही बाजूच्या खिडक्यांना खाली रेटत होतं. हिशोब सरळ होता. फक्त मागची उजवी, सहावी, तिच्यात फरक अर्धाच सूत होता आणि तरीही काच गच्च अडकलेली. भिकननं तिच्यावरून नजर उचलली. खिशातून रुपयाचं नाणं काढून तो ठोकत निघाला. फायबरच्या दोन कातड्यांमध्ये प्लायवूड असतं. आतलं लाकूड कोरडं असेल तर नाणं टणटण बोलतं. पातळ रेझिन असतं तर कातडी सुटली असती, सगळीकडे पोकळ वाजलं असतं. पण टण. टण. टण. प्रत्येक टण त्याच्या छातीत वाजत होता. ऐक रे शेठ, पातळ रेझिन असं वाजतं का. दहा वर्षं त्यानं हे ठोकणं डोक्यात केलं होतं. कारण त्याला बोट दाखवलीच नव्हती. बोट इथं धरणावर, आणि तो तिकडं सातपूरच्या शेडमध्ये. एका सकाळी शेठ गाडीतून उतरला, म्हणाला, खिडक्या बसल्या, छप्पर खाली आलं, रेझिन कोणी विकलं. बारा कारागीर उभे होते. "भिकन, तुझा डबा आण." डब्यात काय रेझिन नेतात का कोणी? पण त्यानं आणला. आणला, याचीच त्याला पुढं जास्त लाज वाटली. शेठनं स्वतः झाकण काढलं, आत दोन भाकरी, ठेचा, अर्धा कांदा. शेठनं भाकरी बोटानं उचलून खाली पाहिलं. मग डबा तसाच उघडा त्याच्या हातात दिला आणि कानाखाली मारली. कांदा खाली पडला आणि घरंगळत गेला. बारांपैकी एकानं तो पायानं थांबवला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर सातपुरात कोणी दारात उभं केलं नाही. एकलहऱ्याला कोळशाच्या वाघिणी रिकाम्या केल्या दीड वर्ष. गावी, देवळ्याला गेला तर थोरला भाऊ कांद्याच्या चाळीत उभा राहून म्हणाला, "चोरी करीसन उना का?" आणि त्याला जेवायला वाढलं. जेवायला वाढलं म्हणून भिकन बोलला नाही. पण रात्री अंथरुणावर पडलं की त्याचा एकच धंदा: ती बोट. कुठं चुकलं? छपराला तीन थर दिले होते. मध्ये खांब दिला होता, दोन इंची लोखंडी पाइप, त्यावर फायबर चढवलेलं, बोटीच्या कण्यापासून छपरापर्यंत. शेठ तेव्हाही म्हणाला होता, मधोमध कशाला, पाहुण्यांच्या पायात येतो. भिकन म्हणाला होता, शेठ, हा काढला तर छप्पर कोणाच्या डोक्यावर ठेवू? तेव्हा शेठ हसला होता. खांब असताना छप्पर बसेलच कसं, हे त्याला दहा वर्षं उलगडलं नव्हतं. कधी कधी पहाटे वाटायचं, खरंच पातळ होतं का रेझिन? ड्रमच भेसळीचा आला असेल. आपल्या हातून हार्डनर कमी पडला असेल. शेठची थप्पड गालावर होती ती गेली, पण ही शंका आत शिरली ती गेली नाही. माणसाला चोर म्हणा, तो चिडतो. त्याला असं म्हणा की तो स्वतःच स्वतःच्या खिशात हात घालून बघायला लागेल, तर तुम्ही त्याला मारलं.

तो वाकून केबिनीत शिरला आणि खांब नव्हता.

त्याला आधी वाटलं आपण चुकीच्या बाजूनं शिरलो. मग तो मधोमध उभा राहिला, दोन्ही हात पसरून, अंधारात भिंत शोधावी तसा. खांब नव्हता. खाली निळं रेक्झिन अंथरलेलं होतं. त्यानं ते कोपऱ्यातून उचकटलं आणि गुंडाळत आणलं. कण्यावर गोल वण होता, कापलेल्या झाडाच्या बुंध्यासारखा, आणि त्याच्यावर तांब्याचं यंत्र चार स्क्रूंनी बसवलेलं, वर वाळलेलं कुंकू. "हे काय?" त्यानं विचारलं. दारात मंगळू उकिडवा बसला होता. "खांब व्हता तेथं. पयल्या पावसाळ्याच्या आधी काढला. पुन्याचा वास्तुवाला आला व्हता, म्हनला मधी ब्रह्मस्थान, तेथं वजन ठेवू नका, धंदा बसंल." मंगळूनं नाक ओढलं. "धंदा नाय बसला. छप्पर बसलं." "खांब कुठाय?" "तो काय, बोट ज्याला बांधली." भिकननं खिडकीतून पाहिलं. धक्क्यावर मातीत गाडलेला, वर दोर गुंडाळलेला, त्याच्या हाताचा खांब. वेडीवाकडी रोलरची लाट इथूनही ओळखू येत होती. दहा वर्षं बोट आपल्याच खांबाला बांधलेली होती.

त्याला खदखदून हसू आलं. म्हणजे शेठला माहीत होतं. खांब काढताना माहीत नसेल, मूर्खपणा माफ असतो. पण काचा अडकल्यावर? डबा उघडताना? त्यानं ड्रिल उचललं. आता त्याला सगळं पक्कं करायचं होतं, कागदावर लिहून द्यावं तसं. प्रत्येक चौकटीखाली आतल्या अंगानं एक बारीक भोक. पहिलीखाली भुसा पांढरा, कोरडा. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, पांढरा, कोरडा, सुतारखान्यातल्यासारखा वास. मग सहावी. इथं नाणं ठोकायचं त्यानं टाळलं होतं, हे त्याला आता कळलं. ठोकलं. भद. ड्रिल दोन वेढ्यांत आत गेलं आणि पात्यावर काळा, ओला, सडक्या पानासारखा गाळ आला. त्यानं तो बोटांत धरला. आणि ती दुपार आली. मार्च, पत्रा तापलेला, सहाव्या खिडकीच्या भोकाची कड बंद करायची राहिलेली. खिडकी कापली की प्लायवूडची उघडी कड रेझिननं पाजायची, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं, हे त्यानंच बाकीच्यांना शिकवलेलं. पण मगात रेझिन उन्हानं आधीच जमलं. पुन्हा काढायचं तर अर्धा मग वाया गेलेला शेठला दिसणार, शेठ वाया गेलेला मग हातात धरून फिरायचा, हे कोणाच्या बापाचं म्हणून विचारायचा. भिकननं आजूबाजूला पाहिलं होतं. कोणी नव्हतं. त्यानं कोरड्या कडेवर चौकट बसवली आणि स्क्रू आवळले. अर्धा मग. त्यानं शेठचं अर्धा मग रेझिन वाचवलं होतं, घाबरून. आणि पुढं दहा वर्षं सगळ्या खिडक्या आठवल्या, ही कधीच आठवली नाही. मन असं कोरडं ठेवून वर चौकट बसवता येते.

बाहेर गाडी वाजली. भिकननं तो काळा गाळ कुठं ठेवावा ते न कळून जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं, वरच्या रिकाम्या पुडात तो टाकला आणि झाकण लावलं. ओमच्या खांद्यावर हात ठेवून यादवशेठ फळीवरून आत आला. अंग सुटलेलं, हातात काठी, नाक तेवढं पहिल्यासारखं. "काय मिस्त्री, निदान झालं?" तो म्हणाला. त्यानं ओळखलं नव्हतं. भिकननं याची तयारी केली नव्हती. दहा वर्षं ज्याच्या तोंडाकडे बघत झोपला त्याला हे तोंड आठवतच नव्हतं. "मी भिकन," तो म्हणाला. "तुमचा चोर." ओमनं बापाकडे पाहिलं. शेठनं डोळे बारीक केले, मग म्हणाला, "अरे तू होय. जाड झालास. बरं झालं आलास, तुझीच घाण तू काढ." "काढतो," भिकन म्हणाला. "बसा तिथं. ओमशेठ, तुम्ही पण बघा. मंगळू, ये आत."

त्यानं यंत्राच्या चार स्क्रूंपैकी एकही सोडवला नाही. यंत्रावरच फळी ठेवली, फळीवर जॅक, जॅकवर वल्ह्याचा जाड दांडा, त्याच्या टोकाला दुसरी फळी, छपराला टेकवून. "अरे, त्याच्यावर नको," शेठ म्हणाला. भिकननं जॅकची दांडी दाबायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. छपरातून बारीक कुरकुर निघाली. मंगळूनं मफलर काढला. वीस, बावीस. वर छपरावर दोरीखालची दोन बोटं एक झाली, मग दोरी टेकली. भिकन उठला, डाव्या अंगाच्या पहिल्या खिडकीशी गेला आणि एका बोटानं काच सरकवली. ती सरकली. कुरकुर नाही, झटका नाही, लोण्यातून सुरी जावी तशी. दुसरी. तिसरी. उजवीकडची पहिली, मधली. पाची काचा एका बोटानं. पाण्यावरची थंड हवा केबिनीत शिरली आणि कित्येक वर्षांचा कोंडलेला वास बाहेर गेला. "पातळ रेझिन जॅकनं जाड होतं का, ओमशेठ?" भिकननं विचारलं. "तुमच्या वडिलांनी स्वतः बनवली, त्यांना विचारा."

ओमनं विचारलं नाही. तो सहाव्या खिडकीशी गेला आणि त्यानं काच ओढली. काच हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. शेठच्या ओठांच्या कडेला काहीतरी जागं झालं. "मग हिचं काय?" तो म्हणाला. "हिच्यात पण खांब होता का रे?"

भिकनला उत्तर तयार सापडलं. भेगांतून पाणी गेलं, लाकूड कुजलं, भेगा तुमच्या म्हणून कुजणंही तुमचं. कोणाचा बाप ते खोडू शकला नसता. सातपूर ते अंबड एकही मिस्त्री ते ओळखू शकला नसता. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं आणि त्याला त्याची चव लागली, आणि ती चव ओळखीची होती, अर्ध्या मगाची. "ही माझी," तो म्हणाला. "कड पाजायची राहिली. रेझिन जमून गेलं होतं, तुम्ही ओरडाल म्हणून दुसरं काढलं नाही. कोरड्यावरच चौकट मारली. आत सडलंय. एक माझी, शेठ. पाच तुमच्या. मी माझी सांगितली. आता तुम्ही बोला."

शेठनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यानं जॅकखाली दबलेल्या यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लाज नव्हती, दमलेपण होतं, "मला काय कळलं नव्हतं का? आठ दिवसांत कळलं. पण घरात वास्तुवाल्याची पूजा झालेली, चार माणसांसमोर त्याच्या पाया पडलेलो. बोट बसली म्हटल्यावर कोणीतरी दाखवावं लागतं, भिकन. फॅक्टरी चालवायची म्हणजे दाखवावं लागतं." "डबा का उघडला?" "बारा माणसं बघत होती." "त्यात काय होतं, आठवतंय?" शेठनं खरंच आठवून पाहिलं. "नाही बुवा," तो म्हणाला.

हेच ते. दहा वर्षं हवं होतं ते त्याच्या हातात पडलं होतं, आणि ते इतकं हलकं होतं. पोरासमोर, नोकरासमोर, सगळं कबूल. पण शेठ कबूल करत होता ते त्याला त्याचं काही जड नव्हतं म्हणून. ज्याला भाकरी आठवत नाही त्याच्याकडून भाकरी परत कशी घ्यायची? भिकनच्या हातांना काहीतरी करायचं होतं. गळा धरता आला असता, गळा जवळच होता. तो खाली बसला आणि त्यानं जॅकचा स्क्रू अर्धा वेढा ढिला केला.

"मिस्त्री, राहू द्या ना तो," ओम घाईनं म्हणाला. "नवा खांब येईपर्यंत असू द्या." "जॅक माझाय," भिकन म्हणाला. तेल हळूहळू परत उतरू लागलं. छप्पर कण्हत खाली आलं, घाई न करता, आपल्या जुन्या जागी. दोरी सुटून वर राहिली, पहिलं बोट शिरेल इतकी, मग दुसरं. चौकटी काचांवर बसत गेल्या. उघड्या काचा तशाच उघड्या गच्च झाल्या. ओमनं एक ओढून पाहिली, मग दुसरी. धरणावरचा वारा पाची खिडक्यांतून आत येत होता आणि शेठनं शालीचं टोक गळ्याशी धरलं. "बंद कर रे ते," तो म्हणाला. कोणालाच बंद करता येईना. बंद होती ती एकटी सहावी. भिकननं जॅक पुसून पिशवीत टाकला. "वर एक माणूस चढवायचा नाही," तो ओमला म्हणाला. "आजपासून. खांब घातल्याशिवाय मंगळूनं दोर सोडायचा नाही. आणि खांब कुठंय ते मंगळूला माहितीये." मंगळूनं दारातून सरकून त्याला वाट दिली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पुट्टी राहिली तुमची." "राहू दे. शेठला लाव."

घरी पोचला तेव्हा सरिता भाजी निवडत होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सकाळीच तिला सांगितलं होतं कुठं चाललोय ते. तिनं पिशवीतून डबा काढला, सवयीनं झाकण उघडलं, आणि तिचा हात थांबला. खालच्या पुडात भाकऱ्या तशाच होत्या. वरच्यात काळा, ओला, बोटभर गाळ. तिनं तो नाकाजवळ नेला. "हे काय?" ती म्हणाली. "कोणाचं हे?"

"माझं आहे," भिकन म्हणाला. तो चपला काढून तिच्यासमोर खाली बसला, डबा मध्ये उघडा. "बघ नीट. तेव्हा हे कोणी बघितलंच नाही."